आईचं वेळापत्रक

आई पडली ती रविवारी, ९ जून २०२४ ला, सकाळी साडेसहाच्या सुमारास, मोरीतून बाहेर येताना. आवाज झाला तो तांब्याचा. ती स्वतः ओरडलीसुद्धा नाही. मी धावत गेलो तर भिंतीला टेकून बसलेली. उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं आणि तो पाय डाव्यापेक्षा तोकडा दिसत होता. "उचलू नकोस. मोडलंय," एवढंच म्हणाली.

तेव्हा तिचं वय ७८. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून चौतीस वर्षं शिकवून २००४ साली निवृत्त झालेली. २०१८ पासून पार्किन्सन. हात थरथरणं, चाल आखडणं, अक्षर बारीक होत जाणं हे आधीपासून होतंच, त्यात आता खुबा मोडला. घरात मी, बायको (दोघंही नोकरीवाले) आणि कॉलेजात जाणारा मुलगा. बहीण हुबळीला. घर सांगलीत गावभागात, नदीपासून चालत दहा मिनिटांवर. नदीचं पुढे येईल.

त्या जून महिन्यात मी रात्र रात्र फोनवर शोधत असायचो. मिळायचं ते एकतर मोठमोठ्या रुग्णालयांतले इंग्रजी तक्ते, नाहीतर 'वृद्धांची सेवा हीच ईश्वरसेवा' छापाचे सुविचार. मला हवं होतं ते साधं होतं. कॉट कुठली आणायची, आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींना नेमकं काय सांगायचं, एका कुशीवर किती वेळ ठेवायचं. म्हणून हे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. आमच्या आईला जे चाललं ते तसंच दुसऱ्या कुणाला चालेल असं नाही, आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

११ तारखेला ऑपरेशन झालं. मोडलेला गोळा काढून कृत्रिम बसवतात, त्याला सगळे 'बायपोलर' म्हणतात. बिल १ लाख ८५ हजार. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. घोळ झाला तो गोळ्यांच्या वेळेचा. पार्किन्सनसाठी आईला सिन्डोपा चालू होती, सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात. वॉर्डात गोळ्यांची फेरी निघायची नऊ, दोन आणि रात्री नऊला. सिस्टरचा दोष नाही, तीस पेशंटांमागे त्या दोघी. पण दुसऱ्या दिवशी आई लाकडासारखी कडक झाली. घोट गिळता येईना. उभं करायला आलेले फिजिओ म्हणाले, पेशंट को-ऑपरेट करत नाही. आमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी किती वाजता दिली?" मग मी कागदावर चार वेळा ठळक लिहून तो फाइलच्या पहिल्या पानावर लावून घेतला आणि परवानगी घेऊन गोळ्यांची पट्टी माझ्या खिशात ठेवली. त्याच पानावर त्यांच्याच सांगण्यावरून लाल पेनाने आणखी एक ओळ: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये. पार्किन्सनच्या पेशंटला ते इंजेक्शन बाधतं आणि मळमळ म्हटलं की बरेचदा तेच हाताशी असतं. घरात पार्किन्सनचा पेशंट असेल तर असा कागद आजच करून ठेवा.

१३ तारखेच्या रात्री आईला भ्रम झाला. ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना होतो, दोन-चार दिवसांत उतरतो, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मात्र पोटात गोळा आला. ती हजेरी घेत होती. नंबराने. "अकरा... बारा... बारा आलाय का?" मी गप्प. ती पुन्हा, "बारा?" रात्रीचे दोन वाजलेले. शेजारच्या कॉटखाली चटईवर झोपलेला एक पोरगा, त्याच्या आजीसोबत आलेला, डोळे न उघडता म्हणाला, "हजर, बाई." आई तेरावर गेली.

डॉक्टरांनी झोपेचं औषध टाळलं. तिचा चष्मा डोळ्यावर ठेवा, समोर घड्याळ लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा आणि रात्री एकच ओळखीचं माणूस असू द्या, असं सांगितलं. १६ तारखेला सकाळी तिने चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी बाहेर जाऊन बहिणीला फोन केला.

डिस्चार्ज १८ जूनला. लघवीची नळी घरी पाठवण्याआधी काढा, असा आम्ही हट्ट धरला आणि तो बरा धरला. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती, आणि खाली 'वॉकरने चालवणे, बॅक केअर २ तासांनी'. बॅक केअर म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला वाटलं पाठीला आधार. मी दर दोन तासांनी तिच्या पाठीमागची उशी नीट करत होतो. हसू नका, अकरा दिवस हे चाललं होतं.

घरी आणायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन मोजमापं केली. जुनं घर, मोरीचं दार २४ इंच. व्हीलचेअर चाकांच्या बाहेरून मोजली तर २५. एका इंचासाठी साडेसहा हजारांची खुर्ची दाराशी अडली असती. मग चाकांची कमोड चेअर घेतली, ती अरुंद असते, २,२०० रुपये. कॉट भाड्याने, दोन हँडलची, महिना ३,००० आणि अनामत ५,०००. विकत घ्यायची घाई करू नका. दोन महिन्यांत काय लागतं आणि काय अडगळ होतं ते कळतं. कॉट कुठे लावायची यावर घरात थोडं वाजलं. मागची खोली शांत आणि आडोशाची, म्हणून ती बायकोने झाडून ठेवली होती. आईला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिला आणल्यावर ती म्हणाली, "बाहेरच्या खोलीत. शाळेची पोरं जातात ती दिसली पाहिजेत." चार माणसांनी कॉट पुन्हा हलवली. भिंतीला चिकटवून लावली होती, तीही नंतर बोळातल्या सिस्टरनी (त्या पुढे येतील) ओढायला लावली. दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा लागतेच.

पहिल्या मावशी २० जूनला आल्या, आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून. नोंदणी २,०००, बारा तासांचे ६५० रुपये. ब्युरोवाल्यांनी 'ट्रेन्ड' म्हणून सांगितलं होतं. मी काहीच विचारलं नव्हतं. आता कुणी मला विचारलं तर मी सांगतो: आधी कुठल्या पेशंटकडे होत्या, त्या पेशंटला कुशीवर कसं वळवायच्या ते करून दाखवायला सांगा. तोंडी काय, कुणीही सांगतं. सुट्टीच्या दिवशी बदली कोण हे आधी लिहून घ्या, आधारची प्रत घ्या, पोलीस पडताळणी झाली आहे का विचारा. आणि आया म्हणजे नर्स नव्हे. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी ही कामं तिच्याकडून करून घेऊ नयेत, तिने 'मला येतंय' म्हटलं तरी.

शनिवारी २९ जूनला स्पंज करताना बायकोला माकडहाडावर लाल डाग दिसला, रुपयाएवढा. मावशी म्हणाल्या घामोळं आहे, पावडर टाकू. आमच्या बोळात एक निवृत्त सिस्टर राहतात, सरकारी नोकरीत उभी हयात गेलेली. त्या रविवारी सकाळी आल्या, चष्मा लावला, डागावर बोट दाबलं आणि उचललं. "बघा. दाबल्यावर पांढरं व्हायला पाहिजे, होत नाही. हा बेडसोरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, पहिला दरवाजा. अजून कातडी फाटलेली नाही, नशीब समजा." मग माझ्याकडे वळून, "बॅक केअर कोण करतं?" मी उशीचं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पुढचा दीड तास मला अख्ख्या वर्षाला पुरला. बॅक केअर म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पाठीची कातडी बघायची. डाग चोळायचा नाही, तेल लावून मालिश तर नाहीच, आतली कातडी आणखी दुखावते. मध्ये भोक असलेली रबराची रिंग आम्ही हौसेने आणली होती, ती त्यांनी माळ्यावर टाकायला लावली, कडेला रक्त अडतं म्हणून. पेशंटला वर घेताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खाली आडवी चादर घालायची, दोघांनी दोन्हीकडून गुंडाळून धरायची आणि उचलून सरकवायचं. कॉटचं डोक्याकडचं हँडल फिरवायच्या आधी गुडघ्याकडचं थोडं फिरवायचं, नाहीतर माणूस घसरत खाली येतं आणि घसरताना माकडहाडाचीच कातडी घासते. टाचांखाली काही नको. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी. कुशीवर म्हणजे अगदी आडवं नाही, पाठीमागे उशी लावून कलतं. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, ती बायपोलरसाठी: पायावर पाय यायला नको. उजव्या अंगावर सर्जननी मनाई केली होती, म्हणून आई पाठीवर आणि डावीकडे एवढ्याच दोन जागांवर होती. सिस्टरनी सर्जनना तिथल्या तिथे फोन लावायला लावला आणि उजवीकडे उशीने जरासं कलतं करायची परवानगी काढली. हे आमच्या डोक्यातही आलं नसतं.

हवेची गादी त्याच दुपारी आणली, २,६००. तिचा पंप सतत चालू लागतो, लाइट गेली की गादी बसते. म्हणून पंपाची पिन इन्व्हर्टरवर घ्या.

मग सिस्टर म्हणाल्या, आता प्लॅन लिहा. मी लगेच वही उघडली तर म्हणाल्या, "आत्ता नाही. तीन दिवस नुसतं बघा. दर अर्ध्या तासाला काय करतेय, कशी आहे, लिहा. मग प्लॅन."

त्या वहीने सगळं बदललं. तीन दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की आईचा दिवस घड्याळाप्रमाणे चालतच नाही, गोळीप्रमाणे चालतो. गोळीनंतर पाऊण तासाने ती सुटते. हात हलतो, आवाज मोठा येतो, घोट नीट उतरतो. दोन-अडीच तास बरे जातात. पुढची गोळी जवळ आली की पुन्हा आखडते. आणि आम्ही काय करत होतो? मावशी आठला येणार म्हणून आंघोळ साडेदहाला, म्हणजे नेमकी ती आखडलेली असताना. फिजिओ सवडीने साडेसहाला. जेवण एकला, ते ठीक, पण सकाळची गोळी दुधाबरोबर. प्रथिनं पोटात असली की ही गोळी नीट लागू पडत नाही, हे न्यूरॉलॉजिस्टनी २०१८ सालीच सांगितलं होतं. आम्ही विसरलो होतो.

इथे एक पेच आला. डाग भरून यायला प्रथिनं वाढवा म्हणून सिस्टर सांगत होत्या आणि गोळी प्रथिनं नको म्हणत होती. दोघांचं ऐकायचं तर कसं? शेवटी असं बसवलं: गोळी पाण्याबरोबर, किंवा गिळायला जड जातंय असं वाटलं तर सफरचंदाच्या गरात. त्यानंतर पाऊण तासाने खाणं. सकाळी नाचणीची आंबील किंवा उपमा, आणि अंडं, वरण, पनीर, दही हे सगळं दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात. न्यूरॉलॉजिस्टना कागद दाखवला, त्यांनी मान डोलावली. नुसतं पाणी पिताना तिला ठसका लागायचा. म्हणून पाणी घोटाघोटाने, हनुवटी छातीकडे घेऊन, आणि खाल्ल्यावर अर्धा तास कॉट खाली करायची नाही.

५ जुलैला पहिला कागद तयार झाला. मी त्याला 'केअर प्लॅन' असं नाव दिलं होतं. आईने वाचला, वेळ लागला, आणि म्हणाली, "हे वेळापत्रक आहे. मधली सुट्टी कुठाय?" खरंच नव्हती. सात ते रात्री नऊ आम्ही तिला काहीतरी करतच होतो. साडेचार ते साडेपाच कोरं ठेवलं. त्या वेळात शाळा सुटते. तिला खिडकीकडे तोंड करून बसवायचं आणि कुणी काही विचारायचं नाही.

पहिल्या मावशी २ जुलैलाच सोडून गेल्या होत्या. दुसऱ्या आल्या त्या कुपवाडच्या, ओळखीतून. यांना वाचता जेमतेम येतं, पण हाताला वळण आहे. त्यांनी पहिल्या दिवशी आईला विचारलं, "बाई, तुमाला आदी तोंड धुवाय पायजे का आदी च्या?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता. कागदावर अक्षरांऐवजी चित्रं काढली ती त्यांच्यासाठी: कुशीची दिशा बाणाने, गोळी लाल ठिपक्याने. वळवलं की समोर रेघ मारायची. रात्रीचं आम्हा तिघांवर. हवेची गादी चालू आणि सकाळी कातडी स्वच्छ, तोपर्यंत रात्री तीन-साडेतीन तासांनी वळवलं तरी चालेल असं सिस्टरनी सांगितलं. अकरा, अडीच आणि सहा. अडीचचा गजर माझा.

माझी एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं. जुलैत एका रविवारी बायको माहेरी गेलेली, मावशींची सुट्टी, आणि आईचं डायपर बदलायची वेळ आली. मी आईचं हे कधी केलं नव्हतं. मुलाला बाहेर पाठवलं. हातमोजे घालताना ते तीनदा उलटे झाले. आईने तोंड भिंतीकडे केलं आणि भिंतीला म्हणाली, "पुढून मागे पूस. मागून पुढे नको." लघवीचा जंतुसंसर्ग टाळायला हेच सांगतात. त्या क्षणी तिने मला एक काम शिकवलं आणि आम्ही दोघंही ते कामासारखं करून मोकळे झालो. आता अवघडल्यासारखं होत नाही. कमी होतं, एवढंच म्हणतो.

डाग जायला तीन आठवडे लागले. तोवर जुलैचा शेवट आला आणि पाणी वाढायला लागलं. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं त्या आकड्याकडे असतं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तेव्हा आई स्वतः माळ्यावर चढली होती. या वेळी तिला चार माणसांनी उचलायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, आकडा पस्तीसच्या पुढे गेला की हला, चाळीसची वाट बघू नका, चाळीसला अॅम्ब्युलन्स मिळत नाही. २५ जुलैला मिरजेला मावसभावाकडे हललो, तेही अकराची गोळी देऊन पावणेबाराला, अंग सुटलेलं असताना. बरोबर एक पिशवी: आठवड्याच्या गोळ्या, डिस्चार्ज कार्डाची प्रत, वेळापत्रक, आडवी चादर, चार उशा, पंप. अॅम्ब्युलन्सचे १,२०० रुपये. पाणी इशाऱ्याच्या आसपास येऊन उतरलं, घरात आलं नाही. शेजारी म्हणाले उगीच हललात. असू दे.

ऑगस्टमध्ये बँकेचं प्रकरण. आईच्या चेकवरची सही जुळत नाही म्हणून चेक परत आला. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं, तिची सही आता मुंगीएवढी झालेली. सत्तरच्या वरच्या आणि आजारी खातेदारांना घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ सालापासून सांगणं आहे, हे मला एका मित्राने सांगितलं. लेखी अर्ज दिला, डॉक्टरांचं पत्र जोडलं, दोनदा हेलपाटे घातले, आणि सतराव्या दिवशी एक तरुण अधिकारी घरी आले. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा माणूस. त्यांनी शाईचा पॅड काढला. आई म्हणाली, "अंगठा मी देणार नाही." साक्षरता वर्गात रात्री कंदील लावून तिने बायकांना सही शिकवली होती. त्या पोराला हे काय माहीत असणार? तो बिचारा पॅड हातात धरून बसला. नवीन नमुना सही घेऊया म्हणाला. पाच वेळा केली, पाचही वेगळ्या. मग तिनेच डावा हात पुढे केला. शाई लागताना ती कागदाकडे बघत नव्हती. तो गेल्यावर अंगठा खोबरेल तेलाने पुसून दिला, तरी दोन दिवस कडेला निळं राहिलं.

सप्टेंबरमध्ये अपंगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन धरलेला आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तपासणीला १४ ऑक्टोबरची तारीख मिळाली. साडेनऊला पोचलो, दीडला नंबर आला. मी विचारून ठेवलं होतं म्हणून खुर्चीत गादी होती आणि दर वीस मिनिटांनी तिला जरा एकेका बाजूला कलतं करत होतो. रांगेतल्या लोकांना वाटलं आम्ही काही व्यायाम करतोय. प्रमाणपत्र आलं २८ ऑक्टोबरला. विधानसभेला घरून मतदान हवं तर ८५ च्या वरचं वय किंवा चाळीस टक्के अपंगत्व, आणि १२-ड चा अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत. अधिसूचना २२ तारखेची. एका दिवसाने हुकलं. २० नोव्हेंबरला तिला व्हीलचेअरवरून केंद्रावर नेलं. केंद्र शाळेतच होतं, त्यामुळे ती काही रागावली नाही, फळ्यावरचं अक्षर मात्र तिला आवडलं नाही.

सत्तरच्या वरच्यांचं आयुष्मान वयवंदना कार्डही काढलं. चांगलंच आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाचं. घरातल्या मावशींचा पगार, डायपर, फिजिओ यांतलं काही त्यात येत नाही. घरची काळजी हा खर्च आपलाच धरून चाला.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून होतो हे ऐकून मी खूश होतो. अॅप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. पार्किन्सनमध्ये माणूस पापणी फार कमी हलवतं, चेहरा मुखवट्यासारखा होतो. आई फोनकडे एकटक बघत राहिली. अॅप तिला जिवंत मानायला तयार होईना. तीन वेळा झालं. बोटांचे ठसे बघायचे तर हात थरथरतो. मग मुलगा म्हणाला, "बाबा, वेळापत्रक बघा की." दुसऱ्या दिवशी अकराची गोळी, बारा वाजता फोन. पहिल्याच फटक्यात काम झालं. तेव्हापासून कुठलंही सरकारी काम, दाताचा डॉक्टर, पाहुणे, सगळं आम्ही बाराला बोलावतो.

चालण्याचं एक सांगायचं राहिलं. डिसेंबरपासून ती वॉकरने दहा-बारा पावलं टाकते, पण उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतो. फिजिओ म्हणाले जमिनीवर पट्ट्या चिकटवा, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. घरात पट्ट्या नव्हत्या, खडू होते. मावशींनी उंबऱ्यापर्यंत खडूने सात रेघा मारल्या. आई वॉकर धरून उभी राहिली, खाली बघितलं आणि म्हणाली, "तिसरी वाकडी आहे." वाकड्या रेघेवरूनही पाऊल गेलं. पुसली जाते म्हणून रोज सकाळी नवीन मारतो. उठवताना घाई करत नाही. आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवतो, एकदम उभं केलं की रक्तदाब उतरून चक्कर येते.

पैशाचं विचारतात म्हणून गेल्या महिन्याचा, एप्रिल २०२५ चा हिशेब: मावशी २६ दिवसांचे १६,९००, फिजिओ १२ वेळा ४,८००, कॉटचं भाडं ३,०००, औषधं ४,२००, डायपर आणि हातमोजे २,१००. एकूण ३१ हजार. आईचं पेन्शन आहे म्हणून हे झेपतं. बहीण दर महिन्याला आठवडाभर येऊन राहते, ती मदत आकड्यात बसत नाही. बिलं सगळी एका पाकिटात ठेवा. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना ज्येष्ठांच्या औषधोपचाराची वजावट मिळू शकते, विमा नसेल तर. सीएला दाखवा.

वेळापत्रकाची आता चौथी आवृत्ती भिंतीवर आहे. कुपवाडच्या मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी दोन महिने सुट्टीवर चालल्यात. जूनपासून त्यांच्याच जावबाई येणार आहेत. परवा रविवारी दोघींना सकाळी अकरा ते दुपारी एक एकत्र बोलावलंय, म्हणजे गोळी, वळवणं आणि खडूच्या रेघा असं सगळं नव्या बाईंना बघता येईल. त्या दोन तासांचे पैसे दोघींनाही द्यायचे आहेत. आईने आज सकाळीच विचारलं, नवीन बाईंना वाचता येतं का. येतं म्हटल्यावर म्हणाली, "मग चित्रं ठेव, पण खाली शब्दही लिही. मोठ्या अक्षरात."